उद्याच्या उन्हाचा हिशेब

गच्चीवर पापड-कुरडया वाळत घालणारी गृहिणी आणि खळ्यावर वावडीवर उभा राहून धान्य उफणणारा शेतकरी, हे दोघे आपल्याकडचे फार जुने हवामानतज्ज्ञ होत. पहिली सकाळी उठून आभाळाकडे पाहते आणि आज चिकाचा घाट घालावा की उद्यावर ढकलावा, हे ठरवते. दुसरा भरलेले सूप डोक्याच्या उंचीवर धरून झुळकेची वाट पाहत उभा राहतो. दोघांचाही अंदाज कधीकधी चुकतो. पण चुकला म्हणून फारसे बिघडत नाही. कुरडया दुसऱ्या दिवशी वाळतात, धान्य संध्याकाळपर्यंत खळ्यावर थांबते.

हेच ऊन आणि हाच वारा आता आपल्या घरातला दिवा लावू लागले आहेत, आणि वीज मात्र थांबत नाही. देशातील सौर विजेची क्षमता जानेवारी २०२५ मध्ये एक लाख मेगावॅटच्या पुढे गेली, वाऱ्याच्या विजेने त्याच वर्षी पन्नास हजारांचा टप्पा ओलांडला. तेव्हा उद्या दुपारी दोन वाजता राजस्थानात ऊन किती असेल आणि साताऱ्याच्या पठारावर वारा किती वाहील, हा प्रश्न केवळ वाळवणापुरता उरलेला नाही. त्याचे उत्तर आज कोणीतरी, आकड्यांत, लेखी द्यावे लागते. ते कोण देतो, कसे देतो आणि चुकले तर काय होते, याची हकीकत मोठी मनोरंजक आहे. दिवाळीच्या दिव्यांशी तिचा संबंध आहेच.

जात्याची गोष्ट

प्रथम एक साधी गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. विजेचे जाळे म्हणजे पाण्याची टाकी नव्हे. टाकी भरून ठेवावी आणि लागेल तसा नळ सोडावा, अशी सोय येथे नाही. ज्या क्षणी आपण बटण दाबतो, त्याच क्षणी कोठेतरी कोणत्यातरी जनित्राने तेवढी वीज निर्माण करावी लागते. जमाखर्च महिन्याच्या अखेरीस नव्हे, तर क्षणाक्षणाला जुळावा लागतो.

दोघीजणी समोरासमोर बसून जाते ओढीत आहेत असे समजा. दाणे नेहमीइतके पडत असले की जाते एका लयीत फिरते. मूठभर दाणे एकदम जास्त पडले की जाते जड होते, गती मंदावते, आणि दोघींनाही जोर लावावा लागतो. दाणे संपले की तेच जाते भरभर पळू लागते. आपल्या विजेच्या जाळ्याची लय सेकंदाला पन्नास आवर्तनांची आहे. मागणी वाढली की ती पन्नासच्या खाली उतरते, निर्मिती जास्त झाली की वर चढते. ही आवर्तने ४९.९० ते ५०.०५ या अरुंद पट्टीत राहावीत, असा आपल्याकडचा नियम आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिण भारत उर्वरित देशाशी जोडला गेला आणि तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच जाते फिरते आहे. लडाखातला दिवा आणि रत्नागिरीतला पंखा एकाच लयीवर चालतात.

ही लय फार बिघडली तर यंत्रे स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप जाळ्यातून बाहेर पडतात. एक बाहेर पडले की त्याचा भार दुसऱ्यावर, दुसऱ्याचा तिसऱ्यावर, अशी पत्त्यांच्या बंगल्यासारखी गत होते. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर आणि पूर्व भारतात हेच घडले. सुमारे ६० कोटी लोक राहतात तो प्रदेश अंधारात गेला, आगगाड्या वाटेत उभ्या राहिल्या, कोळशाच्या खाणींत मजूर अडकून पडले. मुंबईकरांना १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवत असेल. लोकलगाड्या रुळांवरच थबकल्या होत्या. या दोन्ही प्रसंगांत दोष वाऱ्याचा किंवा उन्हाचा नव्हता, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. वाहिन्या बंद पडल्यामुळे ते घडले. परंतु तोल गेला म्हणजे काय होते, ते त्यांवरून कळते.

शहाण्णव घरांचा तक्ता

हा तोल सांभाळणाऱ्या कचेऱ्यांना भार प्रेषण केंद्रे म्हणतात. महाराष्ट्राचे केंद्र नवी मुंबईत ऐरोलीला आहे, पश्चिम विभागाचे मुंबईत आणि सर्व देशाचे दिल्लीत. तेथील माणसे चोवीस तासांच्या दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे शहाण्णव भाग करतात. शहाण्णव घरांचा हा तक्ता आदल्या दिवशीच भरायचा असतो. अमुक घरात मागणी किती, कोळशाच्या संचांनी किती द्यावे, पाण्याने किती, अणुशक्तीने किती, वाऱ्याने आणि उन्हाने किती.

मागणीचा अंदाज बांधणे ही जुनी विद्या आहे आणि तिच्यात माणसे तरबेज झाली आहेत. मे महिन्यात रात्री अकराला वातानुकूलक चालतात, पाऊस पडला की शेतीचे पंप थांबतात, हे त्यांना पाठ असते. या विद्येतील एक गंमत सांगतो. दिवाळीत घरोघरी रोषणाई असते म्हणून विजेचा खप चढत असेल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात लक्ष्मीपूजनाच्या आगेमागे देशाची एकूण मागणी खाली येते. कारखाने व कचेऱ्या बंद असतात आणि त्यांच्या यंत्रांपुढे आपल्या दिव्यांच्या माळा किरकोळ ठरतात. थंडीची चाहूल लागल्याने पंखेही मंदावलेले असतात. म्हणून त्या संध्याकाळी आपण फराळाचे ताट पुढे ओढतो, तेव्हा भार प्रेषण केंद्रातील पाळीवरचा माणूस ‘आता कोणता संच खाली आणू’ या विचारात असतो.

पूर्वी मागणीचीच काय ती लहर सांभाळायची होती. कोळसा आणि पाणी सांगितलेले ऐकत. आता निर्मितीच्या बाजूलाही दोन लहरी पाहुणे येऊन बसले आहेत. ते येतात तेव्हा भरभरून देतात, त्यांना सरपणाचा खर्च नाही, धूर नाही. फक्त येण्याची वेळ ते आपल्याला विचारून ठरवीत नाहीत.

वाऱ्याचा घन, ढगाची सावली

यांतला वारा अधिक अवघड. पवनचक्कीची वीज वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, असा निसर्गाचा नियम आहे. शाळेतले गणित आठवून पाहा. वारा ताशी २० ऐवजी २५ किलोमीटर वाहिला, म्हणजे वेग सव्वापट झाला, तर वीज सव्वापट होत नाही. ती जवळजवळ दुप्पट होते. याचा उलटा अर्थ असा की, वेगाच्या अंदाजात दहा टक्क्यांची चूक झाली तर विजेच्या अंदाजात ती तीस टक्क्यांच्या घरात जाते. हवामानखात्याच्या दृष्टीने जो अंदाज उत्तम, तो विजेच्या हिशेबात नापास होऊ शकतो.

त्यात आणखी एक मेख आहे. वारा फारच मंद असला तर चक्की फिरत नाही, हे कोणालाही समजते. परंतु तो फार जोराचा, म्हणजे सेकंदाला सुमारे २५ मीटरच्या पुढे गेला, तर चक्की स्वतःला जपण्यासाठी थांबते. म्हणजे वादळ अंगावर येत असताना वीज वाढत वाढत शिखरावर जाते आणि अचानक शून्य होते. साताऱ्याजवळचे चाळकेवाडी-वनकुसवड्याचे पठार किंवा धुळ्याकडची माळराने पाहिलेल्यांना आषाढातला तेथला वारा ठाऊक आहे. आपल्याकडच्या वाऱ्याची बहुतेक कमाई जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतली. पुढे तो बराच काळ सुस्तावतो.

ऊन त्यामानाने शहाणे. सूर्य कधी उगवणार, कधी मावळणार, हे पंचांगात छापलेलेच असते. ग्रहणसुद्धा सेकंदापर्यंत आधी सांगता येते. २० मार्च २०१५ रोजी युरोपात सूर्यग्रहण होते आणि जर्मनीसारख्या देशांत सौर वीज तोपर्यंत पुष्कळ झाली होती. तेथील जाळे चालवणाऱ्यांनी कित्येक महिने आधीपासून तयारी केली, राखीव यंत्रे सज्ज ठेवली, आणि ग्रहण सुखरूप पार पडले. अडचण ग्रहणाची नाही. अडचण आहे ती पंचांगात नसलेल्या ढगाची. एक ढग शेताच्या आकाराच्या सौर प्रकल्पावर आला की मिनिटा-दोन मिनिटांत त्याची वीज निम्म्याहून खाली येऊ शकते. राजस्थानातली आंधी काचांवर धूळ पसरवून जाते. पुष्कळांना न सुचणारी गोष्ट अशी की, भर वैशाखातले ऊन सौर पट्ट्यांना मानवत नाही. पट्टी तापली की दर अंशामागे तिची वीज सुमारे ०.४ टक्क्याने घटते. फाल्गुनातली स्वच्छ, गार हवेची दुपार तिला अधिक आवडते.

तरीही ढगांवर एक उतारा आहे. एका प्रकल्पावर सावली पडली तरी साऱ्या राज्यावर एकाच मिनिटाला पडत नाही. प्रकल्प जितके विखुरलेले, तितक्या त्यांच्या चुका एकमेकींना खोडतात. जोधपूरकडच्या भडला येथे किंवा कर्नाटकातल्या पावागड येथे दोन-दोन हजार मेगावॅट एकाच जागी उभे केले की जमीन आणि तारा यांची सोय होते, पण ढगाचीही सोय होते. एकाच ठिकाणी येऊन सारे झाकता येते.

गणिताने पकडलेला वारा

मग अंदाज बांधायचा कसा? सर्वांत सोपी रीत आळशाची वाटेल अशी आहे. ‘आत्ता आहे तसेच थोड्या वेळाने राहील’ असे म्हणायचे. आपल्याला हसू येईल, पण पुढच्या तासाभरापुरती ही रीत इतकी खरी ठरते की मोठमोठ्या गणितांना तिच्यावर मात करताना घाम फुटतो. पुढच्या दोन-चार तासांसाठी उपग्रहाने काढलेली ढगांची चित्रे उपयोगी पडतात. ढग कोणत्या दिशेने आणि किती वेगाने सरकतो आहे ते पाहून तो पुढे कोठे असेल हे काढतात. त्यापलीकडे, म्हणजे उद्या-परवाच्या अंदाजासाठी, हवेचेच गणित मांडावे लागते.

या गणिताचा जनक लुईस फ्राय रिचर्डसन नावाचा इंग्रज. पहिल्या महायुद्धात जखमींची गाडी चालवण्याचे काम करीत असताना त्याने फावल्या वेळात हवेच्या दाबाचे फक्त सहा तासांचे भाकीत हाताने आकडेमोड करून काढले. त्याला सहा आठवडे लागले, आणि उत्तर साफ चुकले. पण माणूस खचला नाही. १९२२ साली त्याने ती रीत चुकलेल्या उत्तरासकट पुस्तकरूपाने छापली आणि त्यात एक स्वप्न रंगवले. एका प्रचंड गोल सभागृहात चौसष्ट हजार माणसे बसून आपापल्या तुकड्याचे गणित करीत आहेत आणि मधोमध उभा राहून एकजण त्यांना ताल देत आहे! १९५० मध्ये अमेरिकेत संगणकावर पहिले असे भाकीत निघाले. चोवीस तासांच्या भाकिताला सुमारे चोवीस तासच लागले, म्हणजे गणित हवेबरोबर कसेबसे धावले.

आज हे काम आपल्या पुण्यात होते. हवामानखात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आले, म्हणून तेथल्या त्या इमारतीला पुणेकर अजून ‘शिमला ऑफिस’ म्हणतात. पुढे मुख्यालय दिल्लीला गेले, परंतु १९६२ पासून पुण्यात उष्णदेशीय हवामानशास्त्राची संस्था उभी आहे. तिने तयार केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ मे २०२५ मध्ये देशाच्या सेवेत दाखल झाली. ती पृथ्वीवर सहा किलोमीटरची चौकटी आखून हवेचे गणित करते. त्याआधी ही चौकट बारा किलोमीटरची होती. जाळे जितके बारीक, तितके लहान मासे हाती लागतात. मात्र एखाद्या डोंगराच्या सोंडेवरचा वारा सहा किलोमीटरच्या चौकटीतही निसटतो. म्हणून गणिताच्या उत्तराला त्या जागेच्या जुन्या नोंदींची जोड देऊन ते दुरुस्त करावे लागते, आणि या कामी अलीकडे शिकणाऱ्या संगणकांचा मोठा उपयोग होतो.

चूक कोणाच्या माथी?

अंदाज जादा बांधला आणि वारा पडला, तर तूट कोठून भरायची? कोळशाचा थंड संच पेटवून पूर्ण शक्तीवर आणायला कित्येक तास लागतात. चालू संचही हळूहळूच चढतो. अशा वेळी आपल्या मदतीला येते ती कोयना. पाण्याची दारे उघडली की काही मिनिटांत शेकडो मेगावॅट हजर होतात. परंतु कोयनेचे पाणी अमर्याद नाही. विजेसाठी पश्चिमेकडे वळवायचे पाणी वर्षाला साडेसदुसष्ट अब्ज घनफुटांपुरतेच, असे कृष्णा पाणी-तंटा लवादाने बांधून दिलेले आहे. चुकलेला अंदाज त्या ठेवीतून कर्ज काढतो. तेही पुरले नाही तर बाजारातून महाग वीज घ्यायची, नाहीतर कोणत्यातरी वाहिनीवर अंधार करायचा. तो अंधार बहुधा शहरातल्या मोठ्या वस्तीवर पडत नाही, हे आपण जाणतोच.

उलट, भीतीने अंदाज कमी बांधला आणि ऊन लख्ख पडले, तर कोळसा उगाच जळतो. कोळशाचे संच ठरावीक मर्यादेखाली उतरवता येत नाहीत. मग फुकटच्या उन्हाची वीज बंद ठेवण्याचा हुकूम द्यावा लागतो. ताजे दूध ओतून देऊन भुकटीचे दूध प्यावे, तसे हे आहे.

म्हणून चुकीला किंमत लावण्यात आली. केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०१५ मध्ये नियम केले. वाऱ्याच्या आणि उन्हाच्या प्रकल्पांनी शहाण्णव घरांचा अंदाज द्यावा, दिवसभरात सोळा वेळा दुरुस्त करण्याची मुभा घ्यावी, आणि क्षमतेच्या पंधरा टक्क्यांहून अधिक चूक झाली तर दंड भरावा. महाराष्ट्रानेही २०१८ मध्ये आपले नियम केले. या कामासाठी देशात अकरा खास केंद्रेही उभारली गेली. दंड आल्यापासून अंदाज सुधारले, यात शंका नाही. पण एक मोह मात्र उरला आहे. खरा अंदाज काय, याऐवजी कोणता आकडा दिल्याने दंड कमी बसेल, असा विचार अंदाज देणाऱ्याच्या मनात येऊ शकतो. पुढे दंडाची पट्टी अधिक अरुंद होईल, तसा हा मोह जपून हाताळावा लागेल.

नऊ मिनिटांची परीक्षा

अंदाजाची मर्यादा किती आणि तयारीचे मोल किती, हे ५ एप्रिल २०२० च्या रात्रीइतके दुसऱ्या कशाने शिकवले नसेल. टाळेबंदीचे दिवस होते. रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे घरातले दिवे मालवून पणत्या लावाव्यात, असे आवाहन पंतप्रधानांनी केले. भार प्रेषण केंद्रांना तयारीला दोन दिवस मिळाले. वेळ मिनिटापर्यंत ठाऊक होती. मागणी बारा-तेरा हजार मेगावॅटने उतरेल, असा हिशेब निघाला. प्रत्यक्षात ती सुमारे ३१ हजारांनी उतरली! अंदाजाच्या दुपटीहून अधिक.

तरीही जाते थांबले नाही. कारण त्या माणसांनी आपल्या आकड्यावर आंधळा विश्वास ठेवला नव्हता. जलविद्युत आधीच चढवून ठेवली होती. ती त्या थोड्या मिनिटांत साडेसतरा हजार मेगावॅटच्या आसपास खाली आणली आणि लोकांनी दिवे लावताच पुन्हा वर नेली. आवर्तने ४९.७० ते ५०.२६ यांच्या दरम्यान हेलकावली, नेहमीच्या पट्टीबाहेर गेली, पण सावरली. घरोघरी पणत्या तेवत होत्या आणि बटण दाबताच दिवा लागला, तेव्हा यामागे कोणी घाम गाळला हे आपल्या ध्यानातही आले नाही.

आपला वाटा

मराठीच्या शिक्षकाला शब्दांचे वेड असते, म्हणून एक फरक नोंदवतो. ‘भाकीत’ आणि ‘अंदाज’ हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. पण भाकीत सांगणारा ‘असे होणारच’ म्हणतो. अंदाज हा शब्द फारसीतून आला, आणि त्यात मापण्याचा, अजमावण्याचा भाव आहे. चांगला अंदाज देणारा ‘उद्या दुपारी पाचशे मेगावॅट’ एवढेच सांगून थांबत नाही. ‘बहुधा पाचशे, पण दहात एकदा तीनशेच्याही खाली जाईल’ असे तो सांगतो. त्या दहातल्या एका वेळेसाठी किती राखीव ठेवायचे, हे मग भार प्रेषण केंद्राला ठरवता येते. घाटघरला वीज जास्त असताना पाणी वर चढवून ठेवतात आणि गरज लागली की खाली सोडतात, तशा सोयी व मोठे विद्युतघट हे राखीव बळ वाढवतील. पण किती वाढवायचे, हे पुन्हा अंदाजावरच अवलंबून.

यात तुमचा-आमचाही वाटा आहे. घराच्या छपरावर बसवलेल्या सौर पट्ट्यांची वीज केंद्राला बहुधा थेट दिसत नाही. तिला फक्त तेवढी मागणी घटलेली दिसते. पुण्यावर दुपारी अचानक आभाळ आले की हजारो छपरांची वीज एकदम नाहीशी होते आणि ती सारी घरे जाळ्याकडे हात पसरतात. म्हणून छपरांची नोंद अचूक असणे आवश्यक आहे. दुसरे, उन्हाच्या तासांत वीज स्वस्त आणि संध्याकाळच्या गर्दीत महाग, हे तत्त्व केंद्र सरकारने २०२३ मध्ये ग्राहकांच्या नियमांत घातले. कपडे धुण्याचे यंत्र किंवा पाण्याचा पंप सायंकाळी सातऐवजी दुपारी बाराला लावणे, एवढे जरी केले तरी जात्यावरचे ओझे हलके होते.

आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपल्या शेतकऱ्याने वर्षानुवर्षे रात्रीच्या पाळीत वीज आली म्हणून काळोखात, साप-विंचवांच्या आणि बिबट्यांच्या भीतीत पिकाला पाणी दिले आहे. २०१७ पासून सौर कृषी वाहिनीच्या योजनेने त्याला दिवसा वीज देण्याचे काम महाराष्ट्रात चालू आहे. शेतीच्या पंपाला ऊन असतानाच पाणी हवे, आणि पट्टीलाही ऊन असतानाच वीज देता येते, असा हा दुर्मिळ योग. मात्र ‘उद्या दहा ते चार वीज’ असे गावाला सांगायचे, तर आभाळाचा अंदाज खरा निघाला पाहिजे. तो फसला तर शेतकऱ्याला पुन्हा रात्री बॅटरी घेऊन बांधावर जावे लागते.

यंदा लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण पणत्या लावत असू तेव्हा ऐरोलीला पाळीवरची माणसे पडद्यावरच्या आकड्याकडे पाहत असतील. ४९.९८, ५०.०१, ४९.९९. सूर्य मावळलेला असेल, वाऱ्याचा भरवसा नसेल, आणि दुसऱ्या दिवसाच्या शहाण्णव घरांत पाडव्याच्या उन्हाचे आकडे भरलेले असतील.